एमान्युएला घरी परतली नाही

दिनांक २२ जून १९८३, बुधवार. रोम शहरात उन्हाळा चांगलाच तापला होता. व्हॅटिकनच्या तटबंदीआड राहणारी पंधरा वर्षांची एमान्युएला ओर्लांदी दुपारी संगीताचा तास गाठण्यासाठी घरातून निघाली. ती फ्लूट शिकत असे. थोरला भाऊ पिएत्रो घरीच होता. 'मला सोडायला चल,' असा तिचा आग्रह. त्याला दुसरे काम होते, त्याने नाही म्हटले. भावाबहिणीत थोडी कुरबुर झाली, आणि दार आपटून ती एकटीच बाहेर पडली.

अशी कुरबुर कोणत्या घरात होत नाही? संध्याकाळी मुलगी परतते, पानावर बसते, आणि दुपारचे भांडण दोघांच्याही लक्षात राहत नाही. ओर्लांदींच्या घरात मात्र ती संध्याकाळ आलीच नाही. पिएत्रोने पुढे अनेक मुलाखतींत ही हकिगत सांगितली आहे. त्या दाराचा आवाज आपल्या कानांतून गेलेला नाही, हे त्याच्या बोलण्यातून सहज कळते.

एका शहरातून रोज कितीतरी माणसे नाहीशी होतात. मग या एकाच मुलीची कथा पुनःपुन्हा का सांगावी, असे कोणी विचारील. तिच्या बेपत्ता होण्यात पोप, हेरखाती, बँका आणि गुन्हेगारी टोळ्या यांची नावे गुंफली गेली, म्हणून ती गाजली हे खरे. परंतु प्रस्तुत लेखकास ती सांगावीशी वाटते ती निराळ्या कारणाने. एवढ्या मोठ्या नावांच्या गर्दीत मूळ मुलगीच दिसेनाशी झाली, हे या प्रकरणाचे खरे दुःख आहे. आणि त्यातून आपल्यासारख्या साध्या घरांनी घेण्याजोगे काही आहे.

तटबंदीआडचे घर

व्हॅटिकन हे जगातील सर्वांत लहान राष्ट्र. १९२९ च्या लॅटरन करारान्वये ते अस्तित्वात आले. विस्तार जेमतेम ४४ हेक्टर. आपल्याकडील एखाद्या मध्यम गावाचे शिवारही याहून मोठे भरेल. या राष्ट्राचे नागरिक बहुतेक धर्मगुरू, अधिकारी आणि स्विस रक्षक. त्यांत मुलाबाळांची गृहस्थी कुटुंबे मोजकी. त्यांतले एक ओर्लांदींचे. वडील एर्कोले हे पोपमहाशयांच्या गृहव्यवस्थेच्या कचेरीत नोकरीस होते, आणि आजोबांच्या काळापासून या घराने पोपांची चाकरी केलेली होती. एमान्युएलाचा जन्म १४ जानेवारी १९६८ चा. पाच भावंडांत ती चौथी. ज्या बागांत पोप फेरफटका मारीत, त्याच बागांत ही मुले खेळली. जगात याहून सुरक्षित जागा नसेल, अशी त्यांची समजूत असल्यास नवल नाही.

संगीतशाळा मात्र तटबंदीबाहेर, तिबेर नदीच्या पलीकडे, सांत आपोल्लिनारे नावाच्या चर्चलगतच्या इमारतीत होती. बसने जाण्याजोगा रस्ता, रोजच्या पायाखालचा. त्या दिवशी ती वर्गात उशिरा पोचली. संध्याकाळी सातच्या सुमारास तिने सार्वजनिक टेलिफोनवरून घरी फोन केला. आई घरी नव्हती. फोन बहिणीने घेतला. एमान्युएलाने सांगितले की, वाटेत एक गृहस्थ भेटले. एव्हॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीतर्फे एका फॅशनच्या कार्यक्रमात पत्रके वाटण्याचे काम ते देऊ करीत आहेत. त्या हलक्या कामासाठी सांगितलेली रक्कम पावणेचार लाख लिरांच्या घरातली, म्हणजे अगदीच अवास्तव होती. बहिणीने शहाणपणाचे उत्तर दिले, 'आधी घरी ये, आईशी बोल, मग पाहू.'

तास संपल्यावर साडेसातच्या सुमारास वर्गमैत्रिणींनी तिला कोर्सो रिनाशिमेंतो या रस्त्यावरील बसथांब्यावर पाहिले. समोरच इटलीच्या सिनेटची इमारत. तेथे कामावर असलेल्या पोलिसांनी पुढे असेही सांगितले की, एका मुलीशी बोलणारा एक पुरुष आपण पाहिला व त्याच्याजवळ गडद हिरव्या रंगाची बी.एम.डब्ल्यू. मोटार होती. ती मुलगी एमान्युएलाच होती काय, आणि वेळ कोणती होती, याविषयी साक्षींचा मेळ शेवटपर्यंत बसला नाही.

वाचकहो, एमान्युएला ओर्लांदीविषयीची खात्रीची माहिती येथे संपते. यापुढे चाळीस वर्षांत हजारो पृष्ठे लिहिली गेली. त्यांपैकी एकाही पृष्ठावर, ती त्या बसथांब्यावरून कोठे गेली, हे निर्विवादपणे लिहिलेले नाही.

हातचे निसटलेले तास

रात्र पडली तरी मुलगी आली नाही, तेव्हा वडील आणि भाऊ शाळेकडे धावले, आसपासच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. पोलिसांकडे गेले तर तेथे उत्तर मिळाले ते जगातल्या सगळ्या ठाण्यांवर मिळते तेच: या वयाची मुलगी आहे, मैत्रिणींबरोबर कोठे गेली असेल, येईल सकाळपर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी तक्रार नोंदवली गेली.

'आमची मुलगी न सांगता राहायची नाही,' असे आईबाप सांगतात तेव्हा ऐकणाऱ्याला ती नेहमीची भाबडी माया वाटते. वास्तविक त्या मुलीविषयी त्या घटकेला जगात सर्वांत अधिक जाणणारी माणसे तीच असतात. तो फोन, ती अवास्तव पगाराची नोकरी, तो बसथांबा. हे धागे पहिल्या रात्री ताजे होते. रस्त्यावरचे दुकानदार, बसचे वाहक, मोटारींचे क्रमांक यांची आठवण कोणाला तरी असणारच. दोन दिवसांनी ती पुसट होते, आठवड्याने तीत वर्तमानपत्रांत वाचलेले मिसळते, आणि वर्षाने साक्षीदाराला स्वतःलाही सांगता येत नाही की आपण पाहिले किती आणि ऐकले किती.

कुटुंबाने आपल्या परीने जे करता येईल ते केले. 'इल तेंपो' आणि 'इल मेस्साज्जेरो' या दैनिकांत तिची माहिती घरच्या टेलिफोन क्रमांकासह छापली. कपाळावर पट्टी बांधलेल्या मुलीच्या हसऱ्या छायाचित्राची भित्तिपत्रके रोमच्या भिंतींवर लागली. तो चेहरा आज इटलीत लहानथोर सर्वांना ओळखता येतो.

क्रमांक छापला आणि फोन येऊ लागले. २५ जून रोजी स्वतःला 'पिएरलुईजी' म्हणवणारा एकजण बोलला. तीन दिवसांनी 'मारियो' नावाचा दुसरा. प्रसाधने विकणारी, जवळ फ्लूट असलेली मुलगी पाहिल्याचे पहिल्याने सांगितले. तिच्या चष्म्याविषयीही तो बोलला. तिने आपखुशीने घर सोडले आहे, असा या बोलण्याचा रोख होता. घरच्यांना त्यात आशाही दिसली आणि भयही. हे दोघे कोण होते, हे आजतागायत सिद्ध झालेले नाही.

पोपचे आवाहन आणि 'अमेरिकन'

रविवार, ३ जुलै १९८३. सेंट पीटरच्या चौकात दुपारच्या प्रार्थनेसाठी लोक जमले होते. गोव्यातील आपल्या वाचकांना 'आंजेलुस' हा शब्द नवा नाही. त्या प्रार्थनेनंतर पोप जॉन पॉल दुसरे यांनी ओर्लांदी कुटुंबाच्या दुःखाचा उल्लेख केला, आणि या प्रकरणास जे कोणी जबाबदार असतील त्यांच्या माणुसकीला आवाहन केले. शब्द सहानुभूतीचे होते; पण त्यांतून एक गोष्ट प्रथमच उघडपणे सूचित झाली, ती म्हणजे मुलगी हरवलेली नसून कोणीतरी नेलेली आहे. घरच्यांच्या छातीत त्या क्षणी धस्स झाले असणार, हे सांगायला नकोच.

दोनच दिवसांनी व्हॅटिकनच्या कचेरीत एक फोन आला. बोलणाऱ्याच्या इटालियन उच्चारांवरून पत्रकारांनी त्याला 'अमेरिकन' हे नाव दिले. त्याची मागणी अशी, की एमान्युएलाच्या बदल्यात मेहमेत अली आगजा याची सुटका करावी. मुदत २० जुलै. आगजा म्हणजे १३ मे १९८१ रोजी सेंट पीटरच्या चौकात पोपवर गोळ्या झाडणारा तुर्की तरुण. तो इटलीच्या तुरुंगात जन्मठेप भोगत होता.

क्षणार्धात एका शाळकरी मुलीचे प्रकरण आंतरराष्ट्रीय राजकारणाचे होऊन बसले. तो काळ शीतयुद्धाचा. पोप पोलंडचे, पोलंडात साम्यवादी राजवट, आगजाच्या मागे पूर्व युरोपातील हेरखाती असल्याचा बोभाटा. या सर्वांत अशी मागणी आल्यावर वर्तमानपत्रांना आणखी काय हवे? 'अमेरिकन' सार्वजनिक टेलिफोनांवरून पुनःपुन्हा बोलत राहिला. त्याने एमान्युएलाच्या संगीतशाळेच्या ओळखपत्राची छायाप्रत एका सार्वजनिक जागी ठेवून दिली, ध्वनिफीतही पाठवली. परंतु ती मुलगी जिवंत आहे, याचा निर्णायक पुरावा त्याने एकदाही दिला नाही. कागदाची प्रत हाती असणे निराळे, आणि मुलगी हाती असणे निराळे. स्वतः आगजाने मात्र पत्रकारांसमोर, आपल्याला अशी अदलाबदल नको, असे ओरडून सांगितले.

२० जुलै उजाडला आणि मावळला. काहीही घडले नाही.

त्या वर्षीच्या नाताळाच्या सुमारास पोप स्वतः ओर्लांदींच्या घरी गेले. हे प्रकरण आंतरराष्ट्रीय दहशतवादाचे असल्याचे त्यांनी सांगितले, असे पिएत्रो सांगतो. मात्र पुढे १९९७ साली पहिला न्यायालयीन तपास आटोपताना निष्कर्ष निघाला तो उलट: आगजाच्या सुटकेची मागणी ही तपासाची दिशा चुकवणारी बतावणी होती. म्हणजे चौदा वर्षे ज्या वाटेवर डोळे लागले होते, ती वाट मुलीकडे जाणारी नव्हतीच. आगजाला २००० साली इटलीने माफी देऊन तुर्कस्तानात धाडले. तेथील तुरुंगातून तो २०१० मध्ये सुटला. एमान्युएलाविषयी त्याने अनेक वेळा अनेक तऱ्हांची विधाने केली. ती एकमेकांशी जुळत नाहीत.

दुसरी मुलगी

येथे थोडे थांबून आणखी एका घराकडे पाहिले पाहिजे. त्याच रोममध्ये, त्याच वर्षी ७ मे रोजी, मिरेल्ला ग्रेगोरी नावाची पंधरा वर्षांची मुलगी बेपत्ता झाली होती. दुपारी घराच्या दारावरील बोलयंत्राची घंटी वाजली. तिने उत्तर दिले, आईला सांगितले की शाळेतला एक जुना मित्र आहे, दहा मिनिटांत येते. आणि ती खाली गेली. त्या मित्राने नंतर सांगितले की, आपण त्या दिवशी तेथे गेलोच नव्हतो.

मिरेल्लाचे आईवडील एक छोटे उपाहारगृह चालवीत. तिचे घर व्हॅटिकनच्या तटबंदीत नव्हते. म्हणून तिच्यासाठी जगाची वर्तमानपत्रे धावली नाहीत. एमान्युएलाच्या प्रकरणात फोन करणाऱ्यांनी तिचेही नाव घेतले, तेव्हा कोठे तिची चर्चा सुरू झाली. २० ऑक्टोबर १९८३ रोजी इटलीचे राष्ट्राध्यक्ष सांद्रो पेर्तिनी यांनी दोन्ही मुलींसाठी जाहीर आवाहन केले. दोघींचा खरोखर काही संबंध होता काय, याचाही उलगडा झालेला नाही. पण दोन मुली, एकच वय, दीड महिन्याचे अंतर, आणि एकीच्या दुःखाला जगाचे व्यासपीठ तर दुसरीच्या दुःखाला शेजाऱ्यांची कुजबुज, हा भेद मनाला लागतो.

थडगी उघडली गेली

पहिला तपास संपल्यावर प्रकरण विझले असे वाटले असेल तर ते तसे नव्हते. २००५ साली हरवलेल्या माणसांचा शोध घेणाऱ्या इटालियन दूरदर्शनच्या एका लोकप्रिय कार्यक्रमात निनावी फोन आला: एमान्युएलाचे कोडे सोडवायचे असेल तर सांत आपोल्लिनारेच्या चर्चमध्ये कोणाला पुरले आहे ते पाहा. त्या चर्चच्या तळघरात खरोखरच एन्रिको दे पेदिस या गुंडाला पुरलेले होते. रोममध्ये दहशत माजवणाऱ्या माल्याना टोळीचा तो म्होरक्या. २ फेब्रुवारी १९९० रोजी त्याचा भररस्त्यात खून झाला होता. ज्या जागेत श्रेष्ठ धर्मगुरूंनी विसावा घ्यायचा, तेथे या इसमाला जागा कशी मिळाली, हा प्रश्न साहजिकच होता. त्यासाठी कार्डिनल उगो पोलेत्ती यांची संमती घेतलेली होती. आणि चर्चलगतच एमान्युएलाची संगीतशाळा!

त्याच्या एका पूर्वीच्या मैत्रिणीने सांगितले की, मुलीला याच टोळीने पळवले, आणि त्यामागे व्हॅटिकन बँकेचे तेव्हाचे प्रमुख आर्चबिशप पॉल मार्सिन्कस होते. बँको आंब्रोसियानो ही बँक १९८२ मध्ये बुडाली होती, व्हॅटिकनच्या बँकेचा तिच्याशी व्यवहार होता, आणि तिचे अध्यक्ष रॉबेर्तो काल्वी लंडनच्या एका पुलाखाली लटकलेल्या अवस्थेत मृत सापडले होते. त्यामुळे बुडीत पैसे वसूल करण्यासाठी मुलगी ओलीस धरली, हा तर्क अनेकांना पटला. परंतु त्या बाईच्या जबानीत विसंगती होत्या. मार्सिन्कस तोवर वारले होते. १४ मे २०१२ रोजी थडगे उघडण्यात आले. आत दे पेदिसचा देह होता. तळघरातल्या इतर हाडांचा एमान्युएलाशी संबंध लागला नाही. २०१५ साली हाही तपास बंद झाला.

२०१८ मध्ये रोममधील पोपच्या वकिलातीच्या आवारात हाडे सापडली. ती प्राचीन रोमन काळातली निघाली. पुढच्या वर्षी कुटुंबाच्या हाती एक सूचना आली: देवदूताचा पुतळा जिकडे पाहतो तिकडे पाहा. व्हॅटिकनमधील जर्मन दफनभूमीत तसा पुतळा होता. ११ जुलै २०१९ रोजी तेथली दोन राजघराण्यांतील स्त्रियांची एकोणिसाव्या शतकातली थडगी उघडली, तर ती पूर्ण रिकामी! एमान्युएला तर नव्हतीच, पण ज्यांची नावे कोरली होती त्या राजस्त्रियाही नव्हत्या. शेजारी सापडलेली हाडे तपासणीअंती फार जुनी ठरली.

प्रत्येक वेळी पिएत्रो तेथे उभा असे. फावडे पडताना त्याच्या मनात काय चालले असेल? बहीण येथे सापडावी असे वाटत असेल, की सापडू नये असे?

दोन राज्यांच्या मधोमध

या प्रकरणाला आणखी एक गाठ होती ती हद्दीची. मुलगी व्हॅटिकनची नागरिक, बेपत्ता झाली इटलीच्या भूमीवर. इटलीच्या तपासकांना तटबंदीआतल्या माणसांना प्रश्न विचारायचे तर दोन राज्यांमधील पत्रव्यवहार आला. व्हॅटिकनने पुरेसे सहकार्य दिले नाही, अशी कुटुंबाची तक्रार. आपण शक्य ते सर्व केले, असे व्हॅटिकनने २०१२ साली जाहीर केले. २०१३ मध्ये नवे पोप फ्रान्सिस पिएत्रोला भेटले तेव्हा 'एमान्युएला स्वर्गात आहे' असे उद्गारले. भावाने ते उराशी धरले. सांत्वन म्हणावे, की माहिती?

२०१७ साली एका पत्रकाराने एक कागद प्रसिद्ध केला. मुलीला दूर ठेवण्यासाठी व्हॅटिकनने वर्षानुवर्षे खर्च केल्याचा हिशेब असे त्याचे स्वरूप होते. व्हॅटिकनने तो बनावट म्हणून फेटाळला. २०२२ साली नेटफ्लिक्सवर चार भागांची चित्रमालिका आली आणि प्रकरण पुन्हा जगभर पोचले. जानेवारी २०२३ मध्ये व्हॅटिकनच्या सरकारी वकिलांनी प्रथमच स्वतःचा तपास आरंभला. त्याच वर्षी रोमच्या वकिलांनीही फाइल पुन्हा उघडली. बेपत्ता झाल्याला चाळीस वर्षे झाली त्या जूनमध्ये पोप फ्रान्सिस यांनी रविवारच्या प्रार्थनेनंतर तिचे नाव घेतले. नोव्हेंबर २०२३ मध्ये इटलीच्या संसदेने एमान्युएला आणि मिरेल्ला या दोघींच्या प्रकरणासाठी चौकशी आयोगास मान्यता दिली. मिरेल्लाचे नाव अखेर बरोबरीने लिहिले गेले. मात्र त्याच वर्षी संशयाचे बोट कुटुंबातील एका दिवंगत नातलगाकडेही दाखवले गेले. कुटुंबाने ते संतापाने फेटाळले. ज्या घराने चाळीस वर्षे दार ठोठावले, त्याच घराच्या दारावर शेवटी संशय येऊन बसला.

न संपणारे सुतक

मृत्यू घरात आला तर माणूस रडतो, दहावे-तेरावे होते, आणि काळ हळूहळू आपले काम करतो. बेपत्ता माणसाच्या घरी काळाला हे काम करता येत नाही. आपल्या धर्मशास्त्रकारांनी हे जाणले होते. देशांतरी गेलेल्याची बारा वर्षे वार्ता न आल्यास पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिचे दहन करावे, असा पालाशविधी त्यांनी सांगितला. १८७२ च्या पुरावा कायद्यापासून चालत आलेला, आजच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम असलेला नियम सात वर्षांनंतर मृत्यू गृहीत धरू देतो. शास्त्र आणि कायदा या दोघांनीही मागे उरलेल्यांसाठी एक सीमा आखली. पण मन ती मानतेच असे नाही. पानिपतावरून सदाशिवरावभाऊ परतले नाहीत. पार्वतीबाईंनी अखेरपर्यंत सौभाग्यचिन्हे उतरवली नाहीत. आणि जेथे वाट पाहणे संपत नाही, तेथे तोतया येतो. भाऊसाहेब म्हणवणारा तोतया आला, लोक त्याच्यामागे गेले, आणि १७७६ साली त्याला देहदंड होईपर्यंत पुण्याच्या दरबाराची झोप उडाली.

रोमच्या त्या टेलिफोनवर बोललेले अनेक आवाज हे मला तोतयांचेच वंशज वाटतात. कोणी प्रसिद्धीसाठी बोलले, कोणी राजकारणासाठी, कोणी निव्वळ दुष्टपणाने. प्रत्येकाने कुटुंबाच्या आशेवर आपली पोळी भाजून घेतली.

आपल्या दारापाशी

हे सारे दूरच्या रोमचे म्हणून वाचून ठेवण्याजोगे नाही. आपली घरेही हद्दीवरची आहेत. बेळगावची मुलगी कोल्हापुरास शिकते, ग्वाल्हेर-इंदूरची पुण्यास, बडोद्याची मुंबईस. अशा वेळी 'हे आमच्या हद्दीत येत नाही' हे वाक्य ऐकण्याची पाळी आपल्यावरही येऊ शकते. म्हणून काही गोष्टी प्रत्येक घराने जाणून असाव्यात.

१० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'बचपन बचाओ आंदोलन' या संस्थेच्या याचिकेवर आदेश दिला की, अठरा वर्षांखालील मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवलाच पाहिजे, आणि उलट सिद्ध होईपर्यंत ते अपहरण वा अपव्यापार आहे असे गृहीत धरले पाहिजे. चोवीस तास थांबा, असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. गुन्हा कोठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यावर तक्रार घ्यावी लागते. तिला 'झिरो एफ.आय.आर.' म्हणतात आणि नव्या फौजदारी कायद्यातही ती तरतूद आहे. मुलांसाठीचा १०९८ आणि सर्वसाधारण ११२ हे क्रमांक घरातील लहान मुलालाही पाठ असावेत.

कायद्याइतकीच महत्त्वाची आहे घरातली रीत. एमान्युएलाने त्या अनोळखी गृहस्थाविषयी घरी फोन केला, हे तिच्या घराचे मोठेपण. आपल्या किती मुली असा फोन करतील? रागावतील, शिकवणी बंद करतील, या धाकाने कितीजणी ते मनातच ठेवतील? शिक्षक म्हणून इतकी वर्षे काढल्यावर मला वाटते, मुलीला शंभर सूचना देण्यापेक्षा, तिने काहीही सांगितले तरी आधी ऐकून घेतले जाईल एवढा विश्वास तिला देणे अधिक उपयोगी. आणि थोड्या कामाला फार पैसे देऊ करणारा मनुष्य आढळला तर काम कोणते हे विचारण्याआधी मनुष्य कोण हे विचारावे, हेही तिला समजावून सांगावे.

आणखी एक. शेजारच्या घरातील मुलगी परतली नाही असे कळले, की आपल्या तोंडी पहिले वाक्य कोणते येते? 'पळून गेली असेल.' या तीन शब्दांनी आईबाप लाजेने गप्प बसतात, ठाण्याची पायरी चढायला दोन दिवस लावतात. आणि तेच दोन दिवस कोणाच्या तरी पथ्यावर पडतात. समजा, मुलगी खरोखरच रागावून गेलेली असली, तरी ती मूलच आहे आणि संकटात आहे. अब्रूची चर्चा ती घरी आल्यावरही करता येईल. किंबहुना, ती घरी आल्यावर ती करण्याची गरजही उरणार नाही.

एर्कोले ओर्लांदी २००४ साली वारले. मुलीचे काय झाले हे त्यांना कळले नाही. पिएत्रो चोवीस वर्षांचा असताना बहीण गेली. त्याचे केस तिला शोधता शोधता पांढरे झाले. २२ जून आला की तो आणि त्याच्याबरोबरचे लोक तिचे छायाचित्र घेऊन रोमच्या रस्त्यावर एकत्र येतात. छायाचित्रातली मुलगी अजून पंधराच वर्षांची आहे.